जावयांची हॉर्सपॉवर

ग्लासगो, रविवार (पाऊस)

ती. आप्पा आणि सौ. आईस,


इकडं सगळे खुशाल. फोनवर रोज बोलणं होतंच, पण आप्पांचा आग्रह पडला की पत्रच पाठव, फोन काही पारावर वाचून दाखवता येत नाही. तर हे घ्या, कागदावर. यात तुमच्या जावयांबद्दल थोडा मजकूर आहे. तो पारावर वाचायचा की गाळायचा ते तुम्ही ठरवा. विहीणबाई म्हणतात गाळा. त्यांच्या लेकाच्या अब्रूचा प्रश्न आहे.

विहीणबाई परतूरहून सहा महिन्यांच्या व्हिसावर आल्या. त्यांना काय काय दाखवायचं याची यादी जावयांनी आधीच करून ठेवली होती. ती पहिल्याच आठवड्यात कोसळली. एडिंबरोच्या किल्ल्याच्या दारात त्यांनी तिकिटाचे पौंड मनातल्या मनात रुपयांत केले आणि तिथंच पाय रोवले. "एवढ्यात वंदे भारतनं जालन्याहून मुंबई होते, वरून नाश्ता. आणि किल्लाच बघायचा तर देवगिरी काय पडला का?" झालं. तेव्हापासून घरात ठराव आहे: जिथं तिकीट नाही तिथंच जायचं.

आप्पा, या देशात ही सोय खरंच चांगली आहे. बरीचशी संग्रहालयं सरकारी नाहीतर विद्यापीठाची, आत जायला दमडी लागत नाही. दारात फक्त एक काचेची पेटी असते, देणगी टाका म्हणून. तिच्यासमोर आलं की तुमचे जावई नेमके मुलांच्या जॅकेटची चेन लावायला वाकतात. आणि योग असा, की फुकटात जे जे सापडत गेलं ते सगळं वीज, वारा आणि हवामान याच घरचं निघालं. तुम्ही रोज ज्यांच्याशी भांडता, तीच मंडळी इथं काचेत ठेवलीत.

सुरुवात ग्लासगो विद्यापीठाच्या हंटेरियन म्युझियमपासून झाली. १८०७ सालचं आहे, स्कॉटलंडमधलं सर्वांत जुनं सार्वजनिक संग्रहालय. तिथं काचेमागं एक छोटं यंत्र आहे. लाकडी चौकट, वर मधोमध तोललेली आडवी तुळई, खाली पाणी उकळायचं भांडं. विहीणबाई काचेला नाक लावून म्हणाल्या, "हा तर आपला बंब." फार चुकल्या नव्हत्या. न्यूकोमेनच्या वाफेच्या इंजिनाचा तो वर्गात दाखवायचा नमुना. १७६३च्या सुमारास तो चालेना, म्हणून विद्यापीठानं आपल्याकडच्या अवजारं दुरुस्त करणाऱ्या कारागिराला दिला. कारागिराचं नाव जेम्स वॅट. त्यानं तो दुरुस्त केला, तरी चार झटके दिले की वाफ संपायची. बघतो तर दर फेरीला तोच सिलिंडर आधी तापवायचा आणि मग गार पाणी मारून थंड करायचा. बहुतेक वाफ सिलिंडर पुन्हा तापवण्यातच खर्ची पडायची. १७६५ साली एका रविवारी ग्लासगो ग्रीनच्या मैदानात फिरताना त्याला सुचलं, की वाफ गार करायला वेगळंच भांडं ठेवू, सिलिंडर कायम गरम राहू दे. रविवारी काम करणं तेव्हा इथं पाप. एवढी मोठी कल्पना घेऊन बिचारा सोमवारची वाट बघत बसला.

आता गंमत बघा. या माणसानं कोळसा वाचवणारं यंत्र केलं आणि जगानं कोळसा कधी नव्हे एवढा जाळला. यंत्र स्वस्तात चालू लागलं म्हटल्यावर ते खाणीत गेलं, गिरणीत गेलं, पुढं तर रुळांवर आणि बोटीतही चढलं. जेव्हन्स नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं १८६५ सालीच हे लिहून ठेवलंय, की वस्तू काटकसरीनं वापरता येऊ लागली की तिचा खप वाढतो. जावई हे मला मोठ्या गंभीरपणे समजावून सांगत होते. मी म्हटलं, यात मला काय सांगता? आमच्या आप्पांनी ठिबक केलं, निम्मं पाणी वाचलं आणि त्या वाचलेल्या पाण्यावर लगेच आणखी दोन एकर मोसंबी लावली. विहीर होती तेवढीच राहिली.

आणखी एक योगायोग. कार्बन डायऑक्साइड हा वेगळा वायू आहे हे ज्यानं आधी दाखवून दिलं, तो जोसेफ ब्लॅक याच विद्यापीठात प्राध्यापक होता आणि वॅटचा जवळचा मित्र होता. म्हणजे धूर सोडणारं यंत्र सुधारणारा आणि त्या धुरातला वायू ओळखणारा असे दोघं एकाच आवारात बसायचे, गप्पा मारायचे. आज त्या वायूवर सगळ्या जगाच्या परिषदा भरतात.

पण आप्पा, तुमच्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. विहिरीवरच्या मोटारीच्या बिलावर 'एचपी' लिहिलेलं असतं ना, ते या वॅटचंच. इंजिन विकायला गेलं की गिऱ्हाईक विचारायचं, माझे घोडे किती वाचतील? म्हणून त्यानं हिशेब बसवला: मिनिटाला ३३,००० पौंड वजन एक फूट उचलणं म्हणजे एक घोडा. आजच्या मापात ७४६ वॅट. तेव्हा सरकारनं २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज माफ केली, ती साडेसात घोड्यांना माफ केली असं धरा. तुमचे पाच. तुम्ही बसता त्यात.

घोड्यांचा विषय निघालाच आहे, तर जावयांकडे वळते.

जूनमध्ये इथं ग्लासगो सायन्स फेस्टिव्हल असतो. विज्ञानाची जत्राच म्हणा, बरेच कार्यक्रम फुकट. एका मांडवात स्टँडवर सायकल लावली होती: पायडल मारा, वीज करा. शेजारी वॅटचा आकडा दाखवणारा डबा. जावयांनी विचारलं, यावर चहा होतो का? तिथला विद्यार्थी हसून म्हणाला, बघा प्रयत्न करून. जावयांना फुकटचा चहा दिसला. कोट काढला, बाह्या वर केल्या, पोरांना म्हणाले, बघा रे बाबाला. पहिलं मिनिट आकडा तीनशेच्या पुढं. पोरं टाळ्या वाजवायला लागली. दुसऱ्या मिनिटाला दोनशे. मग आकडा शंभरावर आला आणि तिथंच घुटमळत राहिला. जावयांचं तोंड टोमॅटोच्या रंगाचं, आकडा मात्र काही केल्या हलेना. त्या पोरानं धीर दिला, की साधा माणूस जास्त वेळ एवढंच देऊ शकतो, वाईट वाटून घेऊ नका. इथली चहाची किटली ३,००० वॅटची असते. म्हणजे एका किटलीला तीस जावई लागले असते. गेल्या अधिक महिन्यात एकाच जावयाचं वाण देताना तुमची काय तारांबळ उडाली होती ते आठवा, म्हणजे तीस म्हणजे किती ते कळेल.

यावर ओवीनं तोंडी भागाकार केला. सातशे शेहेचाळीसला शंभरनं भागायचं. भर मांडवात मराठीतून ओरडली, "आजी, बाबा घोड्याचा सातवा हिस्सा आहे!" विहीणबाई लगोलग म्हणाल्या, "सकाळी नुसता टोस्ट खाल्लाय त्यानं. भाकरी खाऊन आला असता तर अख्खा घोडा झाला असता." चहा शेवटी कॅन्टीनमधून विकत घेतला.

त्याच जत्रेत एक टेबल होतं. पडद्यावर शेत, खाली सरकवायच्या दोन पट्ट्या, एक पावसाची, एक तापमानाची. पाऊस कमी केला की पडद्यावरचं पीक पिवळं पडत जायचं. अर्णव ती पट्टी पुन्हा पुन्हा खाली ओढायचा, शेत वाळवायचा आणि हसायचा. विहीणबाईंनी त्याचा हात धरला. म्हणाल्या, "हे आम्ही बघितलंय." मग तिथंच बाकावर बसून त्यांनी दोन्ही पोरांना २०१२-१३चा दुष्काळ सांगितला. टँकरचं पाणी विकत घेऊन बागा जगवायची धडपड, आणि जगल्या नाहीत तेव्हा वाळलेल्या मोसंबीला लावलेली कुऱ्हाड. मग २०१८च्या फेब्रुवारीतली गारपीट. टेबलामागची बाई इंग्रजीत काहीतरी समजावून सांगायला पुढं आली होती. ती तशीच उभी राहिली. तिला एक अक्षर कळलं नसणार, पण मध्ये बोलली नाही, हे तिचं मला आवडलं.

नदीकाठचं ग्लासगो सायन्स सेंटर आम्ही बाहेरून पाहिलं. त्याला तिकीट आहे. बाहेरूनही छान चकाकतं. नदीच्या पलीकडच्या काठावर, जिथं २०२१च्या नोव्हेंबरात कॉप-२६ ही हवामान परिषद भरली, ते मोठं सभागृह दिसतं. भारत २०७० पर्यंत नेट झिरो करील असं पंतप्रधानांनी तिथंच सांगितलं होतं. जावयांनी विहीणबाईंना त्याचा अर्थ सांगितला, जेवढा कार्बन सोडू तेवढाच परत शोषून घेऊ. "सत्तर साली?" त्या म्हणाल्या, "मग मला कशाला सांगतोस? ओवीला सांग, तिला बघायला मिळेल."

मध्ये लंडनला जाऊन आलो. तिथलं सायन्स म्युझियमही फुकट. २०२४च्या मार्चमध्ये तिथं ऊर्जेवर नवं दालन उघडलंय. १८९७ सालची विजेवर चालणारी टॅक्सी आहे. हो आप्पा, एकोणिसाव्या शतकातली, आणि तुमच्या पारावर अजून वाद चाललाय की विजेची गाडी टिकते का. दालनाला अदानी ग्रीन एनर्जीचं नाव आहे, पैसे त्यांनी दिलेत. कोळशातून कमावणाऱ्याचं नाव इथं कशाला, म्हणून निदर्शनंही झाली होती. जावई पाटीखाली उभे राहून म्हणाले, यांचंच गोंदियात तिरोड्याला ३,३०० मेगावॅटचं कोळशाचं वीजकेंद्र आहे. मला विचाराल तर दालन चांगलं आहे आणि निदर्शनंही चुकीची नाहीत. विहीणबाईंनी एवढंच विचारलं, की दालन त्यांचं आहे तर चहा तरी ठेवायचा.

आता मुख्य गोष्ट, पवनचक्क्या. ग्लासगोच्या दक्षिणेला ईगलशॅमचा माळ आहे, त्यावर व्हाइटली म्हणून विंडफार्म आहे. २१५ पवनचक्क्या, ५३९ मेगावॅट. जमिनीवरचं ब्रिटनमधलं सर्वांत मोठं. तिथं पाहुण्यांसाठी केंद्र आहे, आत मुलांना हाताळायला यंत्रं, मोठ्यांना वाचायला फलक, प्रवेश फुकट. चक्क्यांच्या मधून चालायला शंभरावर किलोमीटर वाटा, त्याही फुकट.

जाताना गाडीत जावयांनी प्राध्यापक ब्लाइथांची गोष्ट सांगितली. ती पारावर जरूर वाचा. ग्लासगोच्या अँडरसन्स कॉलेजात हे प्राध्यापक होते. १८८७च्या जुलैत मेरीकर्क नावाच्या खेड्यात, आपल्या सुट्टीच्या घराच्या बागेत त्यांनी कापडी शिडांची पवनचक्की उभारली, बॅटऱ्या भरल्या आणि घरात विजेचे दिवे लावले. वाऱ्यावर वीज करणारी जगातली ही अगदी पहिल्यांतली चक्की. वीज उरायला लागली. सज्जन माणूस, गावाला म्हणाला, उरलेली घ्या, तुमच्या रस्त्यावर दिवे लावा, फुकट. गाव म्हणालं, नको, हे सैतानाचं काम आहे! पुढं त्यांनी तशीच चक्की बांधून दिली ती माँट्रोजच्या वेड्यांच्या इस्पितळाला. विहीणबाईंनी निकाल दिला, "म्हणजे सगळ्या मुलखात शहाणे तेवढेच होते."

माळावर पोचलो तर वारा असा, की गाडीचं दार उघडताना दोन्ही हात लागले. विहीणबाईंनी सहावारीवर जावयांचं जाड जॅकेट घातलं होतं, खाली लोकरी मोजे आणि पोरांचे गमबूट. पदर जॅकेटच्या आत कोंबला तरी निऱ्या ऐकेनात. एका चक्कीच्या अगदी बुंध्याशी गेलो. लांबून कागदाची भिंगरी वाटते. जवळ गेलं की मान मागं टाकूनही पातं नजरेत मावत नाही. एकशेदहा मीटर उंच, पातं सरळ वर आलं की. बुंध्याला लोखंडी पायऱ्या, वर कुलूपबंद दार. पातं खाली येताना सूऽप असा आवाज होतो, मग दुसरं, मग तिसरं. विहीणबाईंनी हातमोजा काढून उघडा तळवा खांबाला लावला. "आत काहीतरी चालू आहे," म्हणाल्या. आणि मग हात जोडले. शेजारून कुत्रा घेऊन चाललेल्या एका आजोबांनीही टोपी काढून चक्कीला मान लवली. त्यांना वाटलं, इथं काहीतरी पद्धत असेल.

वारा फार झाला, म्हणजे ताशी नव्वद किलोमीटरच्या आसपास गेला, की या चक्क्या स्वतःच थांबतात, मोडू नयेत म्हणून. ते समजण्यासारखं आहे. पण दुसरंही एक थांबणं आहे. स्कॉटलंडात वारा उदंड, माणसं थोडी. वीज हवी ती खाली इंग्लंडात, आणि मधल्या तारांना एवढी वीज पेलत नाही. मग जोराच्या वाऱ्यात चक्कीवाल्यांना निरोप येतो, बंद ठेवा, नुकसान भरून देऊ. आणि खरंच पैसे देतात. ते शेवटी गिऱ्हाइकाच्या बिलातूनच निघतात. हे ऐकून विहीणबाई माळावर थबकल्या. "चक्की बंद ठेवायचे पैसे? आमच्या गल्लीतली पिठाची चक्की कधीपासून बंद आहे, त्याला कुणी रुपया दिला नाही. अर्ज कुठं करायचा, विचार जरा."

मी हसले, पण नंतर परतीच्या वाटेत हाच विचार डोक्यात राहिला. वारा फुकट, ऊन फुकट, तुमची वीजही आता फुकट. घोडं अडतं ते सगळं पोचवण्यात. इथं तार अपुरी म्हणून चक्की थांबते; तिथं वीज माफ, पण थ्री फेज येणार रात्रीच्या पाळीला. माफ झालेल्या विजेसाठी तुम्ही आयुष्यभर बॅटरी आणि काठी घेऊन रात्री दोनला विहिरीवर गेलात. त्यात कधी डीपी जळालेली, कधी बांधावर साप. बिलावर शून्य असलं तरी त्याची किंमत आईनं जागून भरलीय.

म्हणून तुमच्या खालच्या वावरातला सौर पंप आमच्या घरात या सगळ्या म्युझियमांपेक्षा भाव खाऊन आहे. दहा टक्के भरून मिळालेला. ओवीच्या शाळेत मध्यंतरी सांगितलं होतं, तुम्ही पाहिलेलं अपारंपरिक ऊर्जेचं ठिकाण काढून आणा. वर्गात सगळ्यांनी व्हाइटली काढलं. हिनं तुमचं वावर काढलं. मोसंबीची झाडं, पॅनेलची रांग, पाण्याची धार आणि शेजारी तुम्ही, धोतरात. (तुम्ही धोतर नेसत नाही हे मी तिला सांगितलं. तिला आजोबा धोतरातच हवेत.) बाईंनी विचारलं, सूर्य मावळल्यावर हा पंप काय करतो? इथं हा प्रश्न ठरलेला आहे, सौर म्हटलं की सगळे आधी तोच विचारतात. बॅटरी, साठवण, ग्रिड, असलं काहीतरी उत्तर त्यांना अपेक्षित असणार. ओवी म्हणाली, "रात्री आजोबा झोपतात." बाईंनी चित्रावर तारा दिलाय. चित्र सोबत पाठवते आहे, पंपाच्या पेटीला चिकटवू नका, पावसानं रंग जाईल.

आता आईसाठी. काल तू पाठवलेला फोटो जावयांनी मोठा करून पाहिला. पॅनेलवर जुनं लुगडं अंथरून त्यावर कुरडया वाळत घातल्यात, बरोबर? आई, तापतं म्हणून जागा चांगली आहे हे कबूल, पण तसं करू नको. पॅनेलमधल्या पेशी एकापाठोपाठ एक जोडलेल्या असतात. त्यातल्या थोड्यांवर जरी सावली पडली तरी सगळी ओळ मंदावते, आणि झाकलेली पेशी तापून कायमची बिघडूही शकते. तुझ्या दोन पायली कुरडयांपायी आप्पांचे पाच घोडे लंगडे होतात. आप्पा, दुपारी धार बारीक होते म्हणून तुम्ही कंपनीच्या माणसाला फोनवर फोन करत होतात ना? आधी कुरडया उचलून बघा. शिवाय पॅनेल जितकं तापतं तितकी वीज घटते, २५ अंशांच्या वर दर अंशाला साधारण ०.४ टक्का. तेव्हा मे महिन्यात धार थोडी कमी येणारच, त्याला कंपनीचा इलाज नाही. धूळ पुसायची ती सकाळी गार असताना, ओल्या फडक्यानं. भर दुपारी तापल्या काचेवर गार पाणी ओतायचं नाही. कुरडयांसाठी माळवदाचा धाबा आहे, तिथं घाल. आणि वाळल्या की किलोभर इकडं पाठव, इथल्या उन्हात साधा रुमाल वाळत नाही.

अंबिया बहार किती टिकला ते कळवा. व्यापारी बागेत येऊन गेला का? भाव ठरवायची घाई करू नका.

मुलांचा नमस्कार. जावयांचा साष्टांग नमस्कार. पाय अजून दुखतात, म्हणून मनातल्या मनात.

तुमची,
सुमी

ता. क. — मी परतूरकरीण लिहिते. पत्र वाचायला मिळालं म्हणून चार ओळी. सायकलचं मागचं चाक हवा गेलेलं होतं, हे हिनं लिहिलेलं नाही. पारावर वाचाल तर एवढं तेवढं आधी वाचा.